जुन्या घराची दुरुस्ती आणि न दिसणाऱ्या खर्चाची तरतूद

लाखांदूर : घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. मात्र या म्हणीत घर दुरुस्त करण्याचा उल्लेख नाही. प्रत्यक्षात नव्या बांधकामापेक्षा जुन्या घराची दुरुस्ती खर्चाच्या दृष्टीने अधिक फसवी असते. नवे घर कागदावर आखता येते, सामान मोजता येते. जुन्या घरात मात्र छत उतरेपर्यंत आणि भिंत उकलेपर्यंत आत काय दडले आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे ठरविलेल्या रकमेत काम सुरू होते आणि अर्ध्यावर पैसा संपतो.

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चुलबंद आणि वैनगंगेच्या काठावर वसलेल्या लाखांदूर तालुक्यात या प्रश्नाला ऋतुमानाची जोड मिळते. तालुक्याचे अर्थकारण धानावर चालते. दिवाळीनंतर धान निघतो, मळणी होते, विक्री होते आणि चुकारे हाती येईपर्यंत हिवाळा सरत आलेला असतो. घराचे काम त्यानंतरच काढता येते. दुसऱ्या टोकाला मृग नक्षत्र उभे असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पावसाचा नेम नाही आणि जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे छत उघडायचे आणि पुन्हा झाकायचे, यासाठी जेमतेम चार-पाच महिने मिळतात. या काळात अनपेक्षित खर्च उभा राहिला आणि काम थांबले, तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही. उघड्या भिंतींवर पहिला पाऊस पडतो, घरातील धान्य भिजते आणि त्याच सुमारास पेरणीसाठीही पैसा लागतो. अशा कोंडीत व्याजाचा दर न विचारता कर्ज घेतले जाते. म्हणूनच अनपेक्षित खर्चाची तरतूद हा घर आणि शेत, दोन्ही वाचविण्याचा प्रश्न आहे.

जुन्या घराच्या पोटात काय असते?

झाडीपट्टीतील पारंपरिक घर मातीच्या जाड भिंती, लाकडी आढे व वासे आणि त्यावर कवेलू असे असते. ही रचना उन्हाळ्यात थंड राहते. परंतु तिची दरवर्षी निगा घ्यावी लागते. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे आणि भिंती सारवणे ही कामे चुकली, की पाणी झिरपते. माकडांनी फोडलेल्या एका कवेलूतून दोन-तीन पावसाळे ठिबकलेले पाणी वाशाला आतून कुजविते. खालून पाहणाऱ्याला वासा धडधाकट दिसतो.

छत उतरविल्यावर सर्वांत आधी समोर येते ती लाकडाची ही अवस्था. वाळवी लाकडाचा गाभा खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. ज्या घरात दोन वासे बदलण्याचे ठरले होते, तेथे आठ बदलावे लागतात. कवेलू काढून टिनपत्रे टाकायची असतील, तर आणखी एक खर्च ऐन वेळी निघतो. कवेलूचे छत जड असल्याने वाऱ्याला दाद देत नाही. पत्रा हलका असल्याने वादळात उचलला जातो. त्यासाठी लोखंडी पाइपची चौकट, ती भिंतीत खोलवर बसविणे आणि हुकांनी पत्रा जखडणे आवश्यक ठरते. अनेक अंदाजपत्रकांत केवळ पत्र्यांची किंमत असते, त्यांना धरून ठेवणाऱ्या सामानाची नसते.

दुसरी बाब भिंतींची. मातीच्या भिंतीला टिकाऊपणा यावा म्हणून तिच्यावर सिमेंटचे प्लास्टर चढविण्याची पद्धत गावोगावी दिसते. सिमेंटचा थर मातीला नीट धरत नाही. शिवाय जमिनीतून वर चढलेली ओल बाहेर पडण्याचा मार्ग तो बंद करतो. भिंत बाहेरून गुळगुळीत आणि आतून भुसभुशीत होते. दुरुस्तीसाठी प्लास्टर काढायला घेतले, की त्यासोबत मातीही गळून पडते. मग प्लास्टरच्या खर्चाऐवजी भिंतीचाच खर्च समोर येतो.

तिसरी बाब पायाची. तालुक्यातील काही भागांत कन्हार ही काळी, चिकण जमीन आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतलेले घर दरवर्षी किंचित हलते. भिंतीला कोपऱ्यात तिरपी भेग दिसते, ती लिंपली जाते आणि पुढील वर्षी पुन्हा उघडते. अशा घरावर पक्के छत घालण्याचा विचार पुढे आला, तर प्रश्न अधिक गंभीर होतो. मातीची भिंत स्लॅबचे वजन पेलू शकत नाही. त्यासाठी स्वतंत्र पाया आणि पिल्लर उभारावे लागतात आणि दुरुस्ती म्हणून सुरू झालेले काम नव्या बांधकामात बदलते. हा निर्णय काम सुरू होण्याआधी घ्यावा. तो अर्ध्यावर घेतला, तर कोणतीही राखीव रक्कम पुरणार नाही.

चौथी बाब वीज आणि पाण्याची. जुन्या वायरिंगला पंखा आणि दिव्यांचा भार पेलतो. कूलर, फ्रीज आणि मोटार जोडल्यावर ती तापते. अनेक घरांत अर्थिंग नसते किंवा निकामी झालेले असते. फरशी बदलताना गंजलेली नळवाहिनी सापडते. या गोष्टी दिसल्यावर तशाच झाकून टाकणे म्हणजे दोन वर्षांनी नवी फरशी फोडण्याची तयारी करणे होय.

खर्च वाढतो कशामुळे?

अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावतीची कारणे तीन प्रकारांत विभागता येतात. पहिला प्रकार वर सांगितलेल्या दडलेल्या दोषांचा. दुसरा भाव आणि वेळ यांच्यातील बदलाचा. रेतीचे उदाहरण या तालुक्याला परिचित आहे. पावसाळ्यात नदीपात्रातील उपसा बंद असतो, लिलाव लांबतात आणि नदी दारात असूनही रेतीसाठी खोळंबावे लागते. सिमेंटवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. म्हणजे कराचा दरही स्थिर नसतो. मागील वर्षी शेजाऱ्याला पडलेला खर्च यंदा तसाच गृहीत धरणे योग्य नाही. वडसा, साकोली, पवनी किंवा ब्रह्मपुरीच्या बाजारातून सामान आणताना गाडीभाडे आणि हमाली वेगळी द्यावी लागते, याचाही अनेकांना विसर पडतो.

पाण्याचा खर्च हा याच प्रकारातला. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार काँक्रीटला किमान सात दिवस पाणी द्यावे लागते. उष्ण व कोरड्या हवेत साध्या सिमेंटसाठी किमान दहा दिवस, तर फ्लाय अॅशसारखे घटक मिसळलेल्या सिमेंटसाठी १४ दिवसांची शिफारस आहे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्याच वेळी विहिरी तळ गाठतात. स्लॅब मे महिन्यात पडला, तर टँकरचे पैसे द्यावे लागतील, हे जानेवारीतच गृहीत धरायला हवे.

तिसरा प्रकार स्वतःच्या वाढत्या हौसेचा. काम निघालेच आहे तर स्वयंपाकघराचा ओटाही करून घेऊ, समोर पोर्चही काढू, अशी भर पडत जाते. ही इच्छा गैर नाही, पण तिला अनपेक्षित खर्च म्हणता येत नाही. राखीव रक्कम केवळ पहिल्या दोन प्रकारांसाठी असते. ती ओट्याच्या ग्रॅनाइटवर खर्च झाली आणि त्यानंतर आढे कुजलेले निघाले, तर ओटा राहतो आणि छत राहत नाही.

मोठ्या सरकारी प्रकल्पांनाही हाच नियम लागू पडतो, हे पाहण्यासाठी लाखांदूरकरांना दूर जावे लागत नाही. पवनीजवळ वैनगंगेवर उभ्या राहिलेल्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत ३७२ कोटी रुपये होती. पुढे सुधारित अंदाज १८ हजार ४९४ कोटींवर गेला, म्हणजे सुमारे ५० पट. लांबलेला कालावधी, वाढलेले भाव, भूसंपादन व पुनर्वसनाचा वाढीव खर्च आणि कामाच्या व्याप्तीत झालेले बदल अशी त्यामागे कारणे होती. सरकार पुरवणी मागणी मांडू शकते. कुटुंबाला ती सोय नसते. विशेष म्हणजे सरकारनेही अशा प्रसंगांसाठी व्यवस्था केलेली आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६७ अन्वये राज्याला आकस्मिकता निधी ठेवता येतो आणि महाराष्ट्रात तो आहे. सार्वजनिक बांधकामाच्या अंदाजपत्रकांतही आकस्मिक खर्चाची बाब स्वतंत्र दाखविली जाते. घराच्या अंदाजपत्रकात ती का नसावी, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

किती रक्कम राखावी?

रंगरंगोटी, फरशी, दारे-खिडक्या अशा वरवरच्या कामासाठी अंदाजित खर्चाच्या दहा टक्के राखीव ठेवणे सर्वसाधारणपणे पुरेसे मानले जाते. छत, भिंत, नळ किंवा वायरिंग उघडावी लागणार असेल, तर १५ ते २० टक्के ठेवावेत. मातीच्या भिंतींचे, लाकडी छताचे किंवा पुराचे पाणी शिरलेले घर असेल, तर २५ टक्क्यांपर्यंत जाणे शहाणपणाचे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने जिल्ह्यातील नदीकाठच्या वस्त्यांना तडाखा दिला. पाण्यात उभी राहिलेली मातीची भिंत वाळल्यानंतरही पूर्वीइतकी भक्कम राहिलेली असेलच, असे नाही.

येथे हिशेबातील एक चूक टाळायला हवी. समजा, एका कुटुंबाकडे एकूण सहा लाख रुपये आहेत. बहुतेक जण सहा लाखांचे काम ठरवितात आणि लागलेच तर पुढे पाहू, असे म्हणतात. योग्य पद्धत उलट आहे. २० टक्के राखीव धरली, तर काम पाच लाखांचे ठरवावे आणि एक लाख बाजूला ठेवावा. आता छत उतरविल्यावर लाकडाचे ४० हजार, एका भिंतीचे ३५ हजार आणि वायरिंगचे १५ हजार असे ९० हजार रुपये वाढले, तरी काम थांबत नाही. दहा हजार शिल्लक राहतात.

राखीव नसती तर? हेच ९० हजार रुपये दरमहा शेकडा तीन रुपयांनी उसने घेतले, तर महिन्याला दोन हजार ७०० आणि वर्षाला ३२ हजार ४०० रुपये केवळ व्याज होते. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे दोन हजार ३६९ रुपये हमीभाव जाहीर केला. त्या भावाने जवळपास १४ क्विंटल धान फक्त व्याजात जातो आणि मुद्दल तशीच राहते. उलट एक लाखाची राखीव म्हणजे सुमारे ४२ क्विंटल धान. रुपयांत न उमगणारी तरतूद क्विंटलमध्ये मोजली, की तिचे वजन शेतकरी कुटुंबाला लगेच कळते.

न मिळालेल्या पैशांवर अंदाजपत्रक उभारू नये, हे ओघानेच आले. धानाचे थकीत चुकारे किंवा जाहीर होण्याची आशा असलेला बोनस हा राखीव निधी नव्हे. हाती आला तर त्याने कर्ज फेडावे किंवा पुढचे काम काढावे. राखीव रक्कम घरखर्चाच्या खात्यात मिसळू न देता बँकेत किंवा पोस्टात स्वतंत्र ठेवावी. ती लगेच काढता यावी, एवढीच अट.

काम काढण्यापूर्वीची तपासणी

दडलेले दोष पूर्णपणे कळत नाहीत, पण बरेचसे हेरता येतात. त्यासाठी सर्वांत योग्य काळ पावसाळ्याचा. काम उन्हाळ्यात करायचे असले, तरी घर आदल्या पावसाळ्यात पाहावे. कोठे गळते, ओल भिंतीवर किती उंच चढते, अंगणातील पाणी जोत्याकडे येते का, याची नोंद वहीत करावी. भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. भेग सहा महिन्यांत खुणेपलीकडे गेली, तर घर अजूनही हलत आहे, असे समजावे.

लाकडाची परीक्षा टोकदार पेचकसाने करता येते. वाशाची टोके जेथे भिंतीत शिरतात, तेथे ओल आणि वाळवी प्रथम लागते. पेचकस सहज आत गेला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तो वासा बदलावयाच्या यादीत घालावा. प्लास्टर एखाद्या कोपऱ्यात हातभर काढून आतील माती पाहावी. पायाशेजारी एक लहान खड्डा घेतल्यास पाया किती खोल आहे, हे समजते. मात्र खड्डा भिंतीला लागून लांबवर खणू नये, त्याने पायालाच धोका पोहोचतो. छतावर जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते फोडून उतरवू नयेत. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पत्रे ओले करून अखंड काढण्याची मजुरी अंदाजपत्रकात धरावी.

ही पाहणी अनुभवी मिस्त्री आणि सुतार यांच्याकडून करून घ्यावी. स्लॅब किंवा वरचा मजला घालायचा असेल, तर अभियंत्याचा सल्ला घ्यावाच. त्याचे शुल्क चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका पिल्लरपेक्षा कमीच पडते. लाखांदूर शहर नगर पंचायतीच्या हद्दीत आहे. तेथे बांधकामाचे क्षेत्र किंवा मजला वाढणार असेल, तर परवानगीचा खर्च आणि वेळही हिशेबात घ्यावा.

ठेकेदाराशी बोलणी

तोंडी ठरलेला ठेका हे वादाचे मोठे कारण असते. साध्या कागदावर का होईना, कामाची यादी, सामान कोणाचे, मजुरीचा दर कोणता आणि मुदत किती, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. जादा कामाचा दर काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावा. उदाहरणार्थ, एक वासा बदलण्याचे किंवा एक ब्रास जुडाई वाढल्यास किती, हे आधी लिहिले असेल, तर छत उघडे असताना घासाघीस करण्याची वेळ येत नाही. छत उघडे पडलेला घरमालक सर्वांत दुबळा असतो. प्रत्येक जादा कामाची रक्कम सांगून, होकार घेऊन मगच ते करावे, अशी अट असावी. पैसे कामाच्या टप्प्यानुसार द्यावेत आणि शेवटचा काही हिस्सा पहिला पाऊस पडून गळती तपासल्यानंतर द्यावा.

घरकुल योजनेतील लाभार्थ्यांनाही या तरतुदीची गरज आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अंतर्गत मैदानी भागात एक लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर निश्चित झाले. ही रक्कम हप्त्यांनी, बांधकामाचा टप्पा पूर्ण झाल्यावर मिळते. जुने घर पाडल्यावर पायात अडचण निघाली आणि स्वतःकडचा पैसा संपला, तर टप्पा पूर्ण होत नाही आणि टप्प्याअभावी पुढचा हप्ता येत नाही. जुने घर पाडण्यापूर्वी हा विचार करावा. काम चालू असताना कुटुंब आणि धानाच्या कोठ्या कोठे राहतील, भाडे किती पडेल, हेही लिहून ठेवावे.

राखीव रक्कमही संपली तर

कामांचा क्रम नीट लावला असेल, तर अशा वेळीही घर वाचते. आधी पाया आणि भिंती, मग छत, त्यानंतर वायरिंग व नळ आणि सर्वांत शेवटी फरशी, रंग व सजावट, असा क्रम असावा. पैसा संपल्याचे दिसताच शेवटची कामे पुढील हंगामावर ढकलावीत. रंग नसलेल्या भिंतीत पावसाळा काढता येतो, छताशिवाय काढता येत नाही. मोठे घर असेल, तर एका वर्षी एकच भाग उघडावा. वेळ अधिक लागतो, पण दडलेल्या दोषांचा अंदाज पहिल्या भागातूनच येतो आणि दुसऱ्या भागाचे अंदाजपत्रक अधिक खरे उतरते.

तरीही कर्ज घ्यावे लागलेच, तर ते बँक किंवा पतसंस्थेकडून, दर लेखी विचारून घ्यावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सावकारीसाठी परवाना बंधनकारक आहे. परवाना नसलेल्याकडे शेताचे कागद ठेवून छताचे पैसे आणणे, हा दुरुस्तीतला सर्वांत महागडा खर्च ठरू शकतो.

काम संपल्यावर राखीव रकमेतील काही शिल्लक राहिली, तर ती वाया गेली असे नाही. पुढील वर्षीच्या डागडुजीसाठी ती तशीच ठेवावी. घर जुने होतच असते आणि मृगही दरवर्षी येतो.